लांब पल्ल्याच्या नेमबाजीसाठी परवडणारा रायफल स्कोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत रेंजवर जाणारे आता बऱ्यापैकी आहेत. कुणी शनिवारी सकाळी मुलीला घेऊन .२२ रायफलवर हात बसवत असतो, कुणी सहाशे-हजार यार्डांच्या एफ-क्लास (पालथे झोपून, टेकूवर रायफल ठेवून मारायच्या) स्पर्धेपर्यंत पोचलेला असतो. रायफल घेऊन झाली की फोन येतो तो स्कोपसाठी, आणि प्रश्नही ठरलेलेच असतात. तेच इथे एकत्र केले आहेत. कागदी टार्गेट आणि पोलादी प्लेट एवढ्यापुरतेच हे आहे, शिकारीचा विषय यात नाही.

‘परवडणारा’ म्हणजे नेमका कितीचा?

साधारण ३०० ते ५०० डॉलर. व्हॉर्टेक्सचा डायमंडबॅक टॅक्टिकल ६-२४x५० (६ ते २४ पट, पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे), अ‍ॅथलॉनचा आर्गोस, आर्केनची काही मॉडेल्स, एसडब्ल्यूएफएचा एकाच पटीचा १०x४२, ही सगळी या गटातली मंडळी. थँक्सगिव्हिंगच्या आसपास सेल लागतात तेव्हा किमती बऱ्याच खाली येतात, तेवढी कळ काढता आली तर काढावी. याखाली शंभर-सव्वाशेलाही स्कोप मिळतात. पन्नास यार्डांवर .२२ साठी ते चालून जातात, पण टरेट (नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवायचे स्कोपवरचे बटण) फिरवून लांब मारायचे असेल तर त्यांच्या नादी लागू नका. वरच्या टोकाला नाइटफोर्स, मार्च, श्मिट अँड बेंडर. तिथे आकडे हजारांत जातात.

चारशेचा आणि तीन हजारांचा, दोन्हीतून टार्गेट दिसतेच. मग पैसे कशाचे?

थोडे काचेचे, थोडे टरेटच्या आतल्या स्क्रू-स्प्रिंगांचे आणि बरेचसे तपासणीचे. चारशेच्या स्कोपमध्येही उत्तम नग निघतात, अगदी निर्धास्त वापरावेत असे. अडचण एवढीच, की त्याच मॉडेलचा शेजारचा नग तसाच असेल याची खात्री नसते. महागात कंपनीने तपासणीवर खर्च केलेला असतो, स्वस्तात तीच तपासणी गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते.

म्हणून ‘अमुक मॉडेल चांगले का?’ या प्रश्नाला माझ्याकडे अर्धेच उत्तर असते. मॉडेल चांगले असेल, पण तुमच्या हातातला नग कसा आहे ते तुम्हालाच बघावे लागेल. आणि बघायचे काय, तर काचेच्या आधी टरेट. लांब पल्ल्यावर स्कोप ही दुर्बीण कमी आणि मोजपट्टी जास्त असते. चित्र जरा धूसर असलेले चालते. दहा मिल (कोनाचे माप, खाली येतेच) सांगितल्यावर पावणेदहा देणारी पट्टी चालत नाही.

मिल घ्यावा की एमओए?

दोन्ही कोनाची मापे. रेंजवर शेजारी बसणारे जे वापरतात ते घ्या, म्हणजे बोलताना घोळ होत नाही. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटर, १०० यार्डांवर ३.६ इंच. १ एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. मिलच्या स्कोपची एक क्लिक बहुधा ०.१ मिलची असते, एमओएच्या स्कोपची पाव एमओएची. एमओएची क्लिक किंचित बारीक पडते, म्हणून एफ-क्लासवाले तिकडे झुकतात. प्लेटवर मारणारे मिलकडे. भारतात शाळा शिकलेल्यांना मिल लवकर पचतो, कारण सगळे दहाच्या पटीत आहे.

एक मात्र पाहा: रेटिकल (स्कोपच्या आतल्या नेमाच्या रेघा) मिलचे आणि टरेट एमओएचे असला खिचडी स्कोप अजून कुठे कुठे मिळतो. फुकट दिला तरी नको.

किती पटींचा घ्यावा?

पहिला स्कोप घेणारा माणूस हमखास मोठ्या आकड्याकडे जातो. ६-२४ पेक्षा ८-३२ भारी, असा हिशेब. या किमतीत तो हिशेब उलटा पडतो. वरच्या पटींना काच कमी पडते, चित्र अंधारते आणि डोळा एक केसभर हलला की काळी कड आत येते.

याला साधे गणित आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास. ५० मिलिमीटरच्या भिंगाला २५ पटींवर २ मिलिमीटरचे वर्तुळ मिळते, १० पटींवर ५ मिलिमीटरचे. दोन मिलिमीटरच्या वर्तुळात बाहुली नेमकी आणून ठेवायची म्हणजे गाल दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे. नवख्याला ते जमत नाही आणि तो स्कोपला दोष देतो.

हजार यार्डांच्या प्लेटवर १० ते १५ पटींत मारणारे भरपूर आहेत. एसडब्ल्यूएफएचा १०x४२ इतकी वर्षे टिकून आहे तो यामुळेच: झूमच नाही, म्हणजे आत बिघडण्यासारखा एक भाग कमी. मात्र एफ-क्लासमध्ये गोल रिंगांचे कागदी टार्गेट असते आणि दहाची रिंग हजार यार्डांवर १० इंचांची. तिथे वीसच्या वरचे पट उपयोगी पडतात हे खरे.

फर्स्ट फोकल प्लेन की सेकंड?

फर्स्टमध्ये झूम केल्यावर रेटिकलही टार्गेटबरोबर मोठे-लहान होते, त्यामुळे त्यावरच्या खुणा प्रत्येक पटीला खऱ्या असतात. सेकंडमध्ये रेटिकल तेवढेच राहते आणि खुणा एकाच पटीला बरोबर असतात, बहुधा सर्वांत वरच्या. २४ पटींना १ मिल असलेली खूण १२ पटींना २ मिल होते. वाऱ्यासाठी रेटिकलवर बाजूला धरून मारायचे असेल तर फर्स्ट घ्या. एफ-क्लाससाठी सेकंड उत्तम, कारण तिथे पट सहसा बदलत नाहीत आणि बारीक रेघ हवी असते.

टरेट हजार यार्डांपर्यंत पुरेल का?

हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारावा, लोक नंतर विचारतात. डायमंडबॅक टॅक्टिकलचे उदाहरण घेऊ. त्याची वर-खाली एकूण फिरत ६५ एमओए आहे. सपाट बेसवर (रायफलवरची पट्टी, जिच्यावर स्कोप बसतो) बसवला तर झिरो, म्हणजे ठरलेल्या अंतरावर गोळी नेमावर पडते ती टरेटची जागा, साधारण मध्यावर येतो, म्हणजे वर उरतात ३२ च्या आसपास. .३०८ विंचेस्टर काडतूस, १७५ ग्रेन वजनाची गोळी, सेकंदाला २६०० फूट वेग, झिरो १०० यार्डांवर. या गोळीला हजार यार्डांसाठी सुमारे ४० एमओए चढवावे लागतात. आठ एमओए कमीच पडले!

उपाय स्वस्त आहे: २० एमओए उतार असलेला बेस. तो पुढच्या बाजूला उतरता असतो, त्यामुळे झिरो खाली सरकतो आणि वर ५२ एमओए मिळतात. खाली १२ उरतात, तेवढे १०० यार्डांच्या झिरोला पुरतात. ६.५ क्रीडमूर काडतुसाला हजार यार्डांसाठी ३० एमओएच्या आसपास लागतात, म्हणजे कागदावर सपाट बेसही चालेल. पण फिरतीच्या अगदी टोकाला चित्र बिघडते आणि वाऱ्यासाठीची आडवी फिरतही आखडते, म्हणून तिथेही उताराचाच बेस घालावा.

याच स्कोपला झिरो-स्टॉप (टरेट झिरोवर अडवणारी खीळ) नाही हेही लक्षात असू द्या. परतीच्या वेळी एक पूर्ण फेरा चुकला की पुढची गोळी मातीत. टरेटखालच्या आडव्या रेघा मोजायची सवय लावायची, दुसरे काय.

खोक्यातून काढल्यावर, रायफलवर चढवण्याआधी काय पाहावे?

नळीवर रिंगचे (स्कोपला बेसवर धरणाऱ्या कड्यांचे) व्रण पडले की बरीच दुकाने स्कोप परत घेत नाहीत. त्यामुळे जे हातात धरून कळते ते आधीच पाहून घ्या. कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळता कामा नये. दोन्ही टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि क्लिक मोजा. कंपनीने सांगितलेल्या फिरतीपेक्षा बऱ्याच कमी भरल्या तर तिथेच थांबा. क्लिक झाल्यावर आकड्याची रेघ मधल्या खुणेशी जुळते का ते पाहा, अर्धवट ठिकाणी थांबत असेल तर रेंजवर आकडा वाचताना गोंधळ ठरलेला. झूमची कडी थंडीत घट्ट होते, तेव्हा ती आधीच जड जात असेल तर जानेवारीत पकडच लागेल.

मग उजेडाकडे धरून भिंगातून आत बघा. एखादा धुळीचा कण दिसला म्हणून अस्वस्थ होऊ नका, तो चित्रात येत नाही. रेटिकल तिरके बसवलेले असेल तर मात्र परत.

बसवताना काय चुकते?

बहुतेक सगळे इथेच चुकते. ‘स्कोप झिरो धरत नाही’ या तक्रारींपैकी किती तरी बेसच्या सैल स्क्रूवर येऊन थांबतात. टॉर्कचा पाना घ्या, पन्नास-साठ डॉलरांत मिळतो. रिंगच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू बहुधा १५ ते १८ इंच-पौंडांत आवळायचे असतात, पण तुमच्या रिंगच्या कागदावर जे लिहिले असेल ते प्रमाण. जास्त आवळले की नळी दाबली जाते आणि आतला सरकणारा भाग अडखळतो. रिंगवर पैसे वाचवू नका. चारशेच्या स्कोपला वीस डॉलरच्या रिंगा घालणारे बरेच भेटतात.

रेटिकल सरळ बसवायला सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ओळंबा. गॅरेजच्या भिंतीवर जाड दोरीला वजन बांधून सोडा, रायफल पाणसळीने सपाट करा आणि उभी रेघ दोरीवर आणा. मग टोप्या आलटून पालटून थोड्या थोड्या आवळा, कारण एकच बाजू आवळली की स्कोप हळूच फिरतो. स्कोपवर लावायची छोटी पाणसळही घ्या. वरच्या .३०८ ला हजार यार्डांवर रायफल फक्त एक अंश कलली तर गोळी बाजूला सात इंच जाते. दहाच्या रिंगची त्रिज्या पाच इंच आहे, म्हणजे एक अंशातच दहा गेला.

टरेट खरे बोलतो का, हे घरच्या घरी कसे तपासायचे?

याला टॉल टार्गेट म्हणतात आणि या सगळ्या पानातले एकच काम करायचे असेल तर हे करा.

चार फूट उंचीचा पुठ्ठा किंवा फळी घ्या आणि तिच्यावर पॅकिंगचा तपकिरी कागद ताणून लावा. रेंजवर उभी केल्यावर वरच्या कडेला ओळंबा टांगा, दोरी स्थिर होऊ द्या आणि तिच्या मागोमाग जाड मार्करने उभी रेघ ओढा. घरी काढून आणलेली रेघ उपयोगाची नाही, कारण स्टँड तिरका उभा राहतो. रेघेच्या तळाशी नेमासाठी एक ठिपका काढा.

आता अंतर. लेझर रेंजफाइंडरवर विसंबू नका आणि रेंजवरच्या ‘१०० यार्ड’ पाटीवर तर नकोच. पोलादी फीत घेऊन टार्गेटपासून स्कोपपर्यंत मोजा. एका यार्डाची चूक म्हणजे एक टक्क्याची चूक. टार्गेट ९७ यार्डांवर उभे असताना तुम्ही १०० धरलेत तर तीन टक्क्यांचे खापर बिचाऱ्या स्कोपवर फुटेल.

झिरोवर पाच गोळ्यांचा ग्रुप मारा. मग १० मिल चढवा आणि नेम त्याच तळाच्या ठिपक्यावर ठेवून पुन्हा पाच गोळ्या. दोन्ही ग्रुपांच्या मध्यांतले अंतर १०० यार्डांवर बरोबर ३६ इंच भरले पाहिजे. एमओएचा स्कोप असेल तर ३० एमओए चढवा, तिथे ३१.४ इंच यायला हवेत. दुसऱ्या ग्रुपचा मध्य रेघेपासून किती बाजूला गेला तेही पाहा: ३६ इंच वर जाताना सहा-दशांश इंच सरकला तर रेटिकल आणि टरेट यांच्यात किंवा तुमच्या बसवण्यात एक अंशाचा तिरकेपणा आहे. शेवटी टरेट खाली झिरोवर आणा आणि तिसरा ग्रुप मारा. तो पहिल्याच ग्रुपमध्ये मिसळला पाहिजे.

काडतुसे महाग वाटत असतील तर गोळी न मारताही अर्धी परीक्षा होते. रायफल जड शिकंज्यात घट्ट धरा, १०० यार्डांवर उभी मोजपट्टी लावा आणि टरेट फिरवत रेटिकल पट्टीवर कुठे येते ते वाचा. क्लिकचे माप यात छान कळते. धक्का बसल्यावर काय होते ते मात्र गोळी मारल्याशिवाय कळत नाही.

आणि हो, रेंज ऑफिसरने लाइन बंद केलेली असताना, माणसे पुढे गेलेली असताना, कागद नीट दिसतोय का म्हणून स्कोपला डोळा लावायचा नाही. रायफलला हातही लावायचा नाही. दुर्बीण वेगळी ठेवा.

मी बॉक्स टेस्ट केली, चौकोन पूर्ण झाला. तेवढे पुरे नाही का?

नाही. वर, उजवीकडे, खाली, डावीकडे सारख्याच क्लिक फिरवून गोळी मूळ जागी आली, तर टरेट परत येतो एवढे कळले. प्रत्येक क्लिक तीन टक्के आखूड असली तरी चौकोन पूर्ण होतोच, फक्त जरा लहान होतो आणि तो मोजायची तसदी कुणी घेत नाही.

तीन टक्के चूक निघाली. टाकून द्यायचा?

खेळ कोणता त्यावर आहे. वरच्या .३०८ ला हजार यार्डांसाठी ११.६ मिल लागतात. त्याचे तीन टक्के म्हणजे ०.३५ मिल, हजार यार्डांवर साडेबारा इंच. मध्यावर धरलेली गोळी आठाच्या रिंगमध्ये जाईल.

एफ-क्लासमध्ये अंतर ठरलेले असते आणि मोजणीच्या गोळ्यांआधी साइटर (गुणांत न धरायच्या चाचणीच्या गोळ्या) मिळतात. पहिला साइटर खाली पडला की क्लिक वाढवायच्या, पुढे तीन टक्क्यांचा संबंध उरत नाही. तिथे टरेट जागचा न हलणे जास्त महत्त्वाचे. प्रिसिजन रायफलच्या स्पर्धेत मात्र एका मिनिटात ४०० यार्डांची प्लेट, मग ७५०, मग ६००. साइटर नाहीत. तिथे पट्टी खोटी असेल तर दिवस गेला.

चूक दर वेळी तेवढीच येत असेल तर मार्ग निघतो, अनेक बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये क्लिकची खरी किंमत भरता येते. एकदा तीन टक्के, एकदा एक टक्का, असे होत असेल तर वॉरंटीत पाठवा. त्याच्याशी भांडत बसण्यात काडतुसे जातात, आणि ती स्कोपपेक्षा लवकर महाग पडतात.

काच कशी तपासावी?

दुकानात नाही. दुकानाच्या दिव्यात सगळेच स्कोप सुरेख दिसतात. बाहेर न्या आणि दोनशे-तीनशे यार्डांवरचे काही तरी बारीक वाचून पाहा: नंबरप्लेट, पाटीखालची छोटी अक्षरे. (एकटा स्कोप न्या, रायफलवर चढवलेला नव्हे, हे सांगायला नको, पण सांगतो.) पांढऱ्या कागदाच्या कडेला जांभळी-हिरवी झालर दिसते का ते पाहा. या किमतीत थोडी दिसणारच. चित्राचा मधला भाग धारदार असला आणि कडा विरघळल्या तरी चालते, नेम मध्यावरच धरायचा असतो.

भोके दिसायलाच हवीत हा हट्ट सोडा. हजार यार्डांवरचे .३० चे भोक तुमच्या बजेटमधल्या कोणत्याही स्कोपमधून दिसणार नाही. हाताने खुणा करणाऱ्या स्पर्धेत पिटमधला (टार्गेटखालच्या खड्ड्यातला) माणूस भोकात डिस्क लावून दाखवतो, इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर टॅबलेटवर ठिपका येतो. रिंगा आणि डिस्क दिसली की झाले.

चष्मा आहे. चालेल का?

चालेल. मागच्या आयपीसची (डोळ्याकडच्या भिंगाची) कडी फिरवून रेटिकल तुमच्या डोळ्याला लावून घ्यायचे असते आणि ते निम्मे लोक करतच नाहीत. मोकळ्या आभाळाकडे, सूर्यापासून दूर, स्कोप धरा. एकदोन सेकंद बघा, नजर काढा, कडी थोडी फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि सगळेच बरोबर वाटते. पाहताक्षणी रेघ काळीभोर दिसली की कडीवर खूण करून ठेवा, परत हात लावू नका. हे काम रेंजवर घालता तोच चष्मा घालून करा. प्रोग्रेसिव्ह काचांनी पालथे झोपून मारताना नजर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून जाते आणि चित्र पोहते. चाळिशीनंतर बरेच जण रेंजपुरता साधा लांबचा चष्मा करून घेतात.

पॅरॅलॅक्सच्या बटणावरचा आकडा खोटा वाटतो.

असतोच. डोके हलल्यावर रेटिकल टार्गेटवर सरकते ते पॅरॅलॅक्स, आणि ते घालवायचे हे बटण. ५०० लिहिलेल्या जागी ५०० यार्डांना जुळेल असे नाही. आकड्याकडे बघूच नका. रायफल बॅगांवर स्थिर ठेवा, हात न लावता डोके किंचित वर-खाली हलवा. रेटिकल टार्गेटवर सरकत असेल तर बटण फिरवा, थांबले की झाले. चित्र धारदार होण्याची जागा आणि रेटिकल स्थिर होण्याची जागा वेगवेगळी येत असेल तर आयपीस नीट लावलेला नाही, मागच्या प्रश्नाकडे जा.

सकाळी चित्र छान असते, दुपारी उकळते. काच खराब आहे का?

काच नाही, हवा. फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर ऊन चढल्यावर २४ पटींत टार्गेटची काळी चकती पाण्याखाली ठेवल्यासारखी लवलवते, आणि शेजारच्या तीन हजारांच्या स्कोपमधूनही तेच दिसते. पट कमी करून १४-१५ वर आणा. पट जेवढे जास्त तेवढे मृगजळही मोठे होते. जाणते लोक त्या लहरींचा उपयोग करतात: त्या ज्या दिशेला पळतात तिकडे वारा वाहतोय, आणि सरळ वर उकळू लागल्या की वारा पडलाय किंवा तुमच्या रेषेतून वाहतोय. बॅरल तापले की त्याचेही स्वतःचे मृगजळ उठते, त्यासाठी बॅरलवर कापडी पट्टा ताणतात. पाच-दहा डॉलरची गोष्ट.

झिरो हलतोय. स्कोप गेला समजू?

आधी बेसचे स्क्रू, मग रिंग, मग रायफलच्या स्टॉकचे स्क्रू, मग काडतुसांचा लॉट बदलला का ते. हे सगळे निर्दोष निघाले तर दुसऱ्या रायफलवरचा भरवशाचा स्कोप चढवून ग्रुप मारा. तो ग्रुप जागेवर राहिला तरच दोष स्कोपचा. झूम पूर्ण खाली आणि पूर्ण वर ठेवूनही एकेक ग्रुप मारून पाहा, काही स्वस्त नगांत झूमबरोबर नेमाची जागा सरकते.

.२२ साठी वेगळा स्कोप लागतो का?

लागतो तो जवळचे पॅरॅलॅक्स जुळणारा. .२२ ला लांब पल्ला म्हणजे २०० यार्ड, पण पन्नासच्या झिरोवरून तिथे जायला २० एमओएच्या वर चढवावे लागतात. सेंटरफायरवरचे (.३०८ सारख्या मोठ्या काडतुसांच्या रायफलवरचे) सगळे धडे इथे चौथाई खर्चात शिकता येतात. माझे मत विचाराल तर पहिला बरा स्कोप .२२ वरच चढवावा.

भारतात एअर रायफलवर हेच स्कोप चालतील का?

स्प्रिंगची एअर रायफल असेल तर जपून. तिचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. साध्या स्कोपची आतली रचना मागचा धक्का गृहीत धरून केलेली असते, ती पुढच्या झटक्याने खिळखिळी होते. एअर रायफलसाठी म्हणून सांगितलेलाच स्कोप घ्या आणि पॅरॅलॅक्स १० यार्डांपर्यंत खाली येते का पाहा. ०.१७७ इंच बोअरच्या, २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खरेदीच्या वेळची कागदपत्रे स्थानिक पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

भाची बालेवाडीला नेमबाजी शिकते. तिला स्कोप पाठवू का?

नको. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत रायफलवर दुर्बीण लावता येत नाही, तिथे भोकातून बघायची अ‍ॅपर्चर साइट असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य घेतले ते अशाच साइटमधून. तिला पाठवायचेच असेल तर शूटिंग जॅकेटचे पैसे पाठवा.

पण अमेरिकेतून जाताना भावासाठी बॅगेत एक टाकून नेला तर?

आधी नियम वाचा. रायफल स्कोप अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात नियंत्रणाखाली येतो. तो टूथब्रशसारखा बॅगेत टाकून नेण्याची वस्तू नाही, आणि उतरल्यावर भारतीय कस्टम्स आहेच.

एच-१बी वर आहे. रेंजवर येऊ शकतो का?

स्कोप म्हणजे बंदूक नव्हे, तो विकत घेता येतो. पण एच-१बी, एल-१, एफ-१ अशा व्हिसांवर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसे बाळगायला फेडरल कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही. रेंजवर मित्राची रायफल हातात घेणेही ‘बाळगणे’ ठरू शकते. विद्यार्थी व्हिसाचा दर्जा गेल्यावर फ्लोरिडातल्या रेंजवर नेमबाजी केली म्हणून एकावर खटला झाला, तो २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. तिथे निकाल त्याच्या बाजूने लागला, पण मधली वर्षे कोण भरून देणार? आधी वकिलाला विचारा, मग या.

जुना स्कोप घ्यावा का?

या किमतीत तर जरूर. फक्त वॉरंटी पुढच्या मालकाला लागू होते का ते पाहा. व्हॉर्टेक्सची आजीवन वॉरंटी स्कोपबरोबर जाते, पावती मागत नाहीत, म्हणून त्यांचे जुने नग बिनधास्त घेतले जातात. नळीवरचे हलके व्रण चालतील, दाबलेली नळी नको. नामांकित कंपनीचा ‘नवाकोरा’ स्कोप ऑनलाइन निम्म्याहून कमी किमतीत दिसला तर तो बहुधा नकली आहे. खेळण्यातल्या बंदुकांसाठी केलेल्या हुबेहूब नकला फिरत असतात. बाहेरून ओळखू येत नाहीत, .३०८ च्या दहा-वीस गोळ्यांत ओळख पटते.